‘सतत त्रास देणे’ : एका अर्थाचा इतिहास

‘वाक्यात उपयोग करा’ हा आपल्या भाषाशिक्षणातील एक जुना आणि अगदी निरुपद्रवी वाटणारा प्रश्न. इंग्रजीच्या तासाला ‘पेस्टर’ हे क्रियापद आले की त्याचे उत्तरही जवळजवळ ठरलेले असते. मूल खेळण्यासाठी आईला ‘पेस्टर’ करते, फेरीवाला प्रवाशाला करतो, भिकारी पर्यटकाला करतो. वहीच्या समासात मराठी अर्थ लिहिला जातो : ‘सतत त्रास देणे’. विद्यार्थी पुढच्या शब्दाकडे वळतो. आम्हांला मात्र या समासातल्या अर्थापाशीच थांबायचे आहे. कारण ‘त्रास’ हा शब्द आज जो अर्थ सांगतो त्याच्या जवळजवळ उलट अर्थ तो पूर्वी सांगत असे. या उलटापालटीचा विचार करताना लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातले किल्लारी हे गाव आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आधी इंग्रजी शब्दाचे मूळ थोडक्यात पाहू. ‘पेस्टर’चे मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे, आणि त्याच्याही मागे मध्ययुगीन लॅटिनमधला घोड्याच्या पायांत घालायच्या दोराचा शब्द आहे. चरायला सोडलेले जनावर दूर जाऊ नये म्हणून त्याचे पाय बांधायचे, ही मूळ कल्पना. मराठीत या दोराला ‘पायबंद’ म्हणतात, आणि आपणही त्याचा लाक्षणिक उपयोग करतो. पण आपला ‘पायबंद’ आवर घालण्याच्या अर्थाकडे गेला आणि इंग्रजांचा दोर पायांत घोटाळत राहण्याच्या अर्थाकडे. सोळाव्या शतकात या क्रियापदाचा अर्थ अडवणे, गर्दी करून वाट कोंडणे असा होता. पुढे ‘पेस्ट’ म्हणजे कीड, साथ या शब्दाशी त्याच्या उच्चाराचे साम्य पडले आणि अर्थ कटकटीकडे झुकला. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये राजा क्लॉडियस हेच क्रियापद वापरतो तेव्हा त्याची तक्रार तरुण फोर्टिनब्रासबद्दल असते. बापाने गमावलेला मुलूख परत मागणारे निरोप तो सारखे पाठवतो आहे, ही ती तक्रार. मागणाऱ्याच्या दृष्टीने जो हक्क, तो ज्याच्याकडे मागायचा त्याच्या दृष्टीने उपद्रव. हा मुद्दा पुढे लागणार आहे, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

इंग्रजीतल्या या कुळातील बरेच शब्द जनावरांच्या जगातून आले आहेत. ‘हाउंड’मध्ये शिकारी कुत्रा आहे, ‘बॅजर’मध्ये कुत्र्यांनी घेरलेला बिळातला प्राणी आहे, आणि ‘वरी’चा जुना अर्थ गळा आवळणे, नंतर कुत्र्याने मेंढीच्या नरड्याला धरून तिला हिसडणे असा आहे. आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो तो ‘व्हेक्स’. लॅटिन ‘वेक्सारे’ म्हणजे हलवणे, गदागदा हिसके देणे. पुढे त्याचा अर्थ छळणे, चिडवणे असा झाला. म्हणजे रोमन माणसाला कटकटीचा अनुभव प्रथम हादऱ्याच्या रूपात आला. आणि हे केवळ लॅटिनचे वैशिष्ट्य नाही.

संस्कृतातील ‘त्रस्’ या धातूचा अर्थ थरथरणे, कापणे, भयाने दचकणे. लॅटिनमधला ‘टेरर’ त्याच घराण्यातला. साहित्याच्या विद्यार्थ्याला ‘त्रास’ हा शब्द भेटतो तो नाट्यशास्त्रात. भरताने सांगितलेल्या ३३ व्यभिचारी भावांपैकी तो एक आहे. त्याचे विभाव पाहावेत : वीज पडणे, उल्कापात, निर्घात, मेघांचा गडगडाट, मोठ्या श्वापदांचे आवाज. अनुभाव पाहावेत : अंग आक्रसणे, कंप, जागच्या जागी खिळणे, रोमांच, तोंडातून धड शब्द न फुटणे. पुढच्या काही साहित्यशास्त्रकारांनी भय आणि त्रास यांत जो भेद केला तो फार नेमका आहे. भय मागचापुढचा विचार करून उपजते. त्रास विचाराला सवडच देत नाही. तो अकस्मात येतो, शरीराला हलवतो आणि निघून जातो. म्हणूनच तो स्थायी नाही, संचारी आहे.

आणि आता आपली मराठी पाहा. डासांचा त्रास, शेजाऱ्यांचा त्रास, दाढेचा त्रास, नोकरीतला त्रास. यांपैकी कशातही कंप उरलेला नाही आणि अकस्मातपणा तर मुळीच नाही. उलट, जे संपत नाही, पुन्हा पुन्हा येते, त्यालाच आपण त्रास म्हणतो. एकदा चावलेल्या डासाचा त्रास होत नाही, तो रात्रभर गुणगुणला तर होतो. ‘त्रासिक मुद्रा’ म्हणजे घाबरलेली मुद्रा नव्हे, कंटाळलेली मुद्रा. हिंदीने मात्र जुना अर्थ बऱ्याच अंशी जपला, इतका की आधुनिक काळात ‘ट्रॅजेडी’ला तिने ‘त्रासदी’ हा प्रतिशब्द केला. १९८४ मधल्या भोपाळच्या वायुकांडालाही हिंदी वृत्तपत्रे ‘त्रासदी’ म्हणतात. मराठीला ते जमणार नाही. आपण ‘शोकांतिका’ म्हणतो, कारण आपल्या कानाला ‘त्रास’ फार लहान वाटतो.

अशीच घसरण, किंवा निदान सरकणूक, इतर शब्दांचीही झालेली दिसते. संस्कृत ‘छल’ म्हणजे कपट. हिंदी ‘छलना’ अजून फसवण्यापाशी आहे, मराठी ‘छळणे’ यातनांपाशी आले. ‘तसदी’ अरबीतून आली, आणि तिच्या मुळाशी डोकेदुखीचा शब्द आहे. आपण ‘डोकेदुखी’ लाक्षणिक अर्थाने वापरतो तेव्हा तेच रूपक नकळत दुसऱ्यांदा घडवतो. ‘हैराण’ मूळचा चकित झालेला, गोंधळलेला. आपला हैराण थकलेला असतो. किल्लारीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. मराठवाड्याच्या बोलीत ‘बेजार’, ‘तंग’, ‘परेशान’ हे शब्द घरच्यासारखे वावरतात याचे एक कारण तेथे आहे. पण त्याच बोलीत ‘काव आणणे’ आणि ‘वात आणणे’ हेही आहेत. ‘या पोरानं वात आणला’ असे म्हणणाऱ्या आजीला त्रिदोषांचा सिद्धान्त आठवत नसतो, तरी तिच्या वाक्यात वात या दोषाचा प्रकोप शाबूत असतो. मोल्सवर्थचा कोश प्रथम १८३१ साली निघाला, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली आली, आणि मोल्सवर्थ-कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. हे सारे काम कंपनी सरकारच्या मुलुखात, मुख्यतः शास्त्री-पंडितांच्या साहाय्याने झाले. निजामाच्या हद्दीतली मराठी त्या टेबलापासून लांब होती. विद्यार्थ्यांनी आपल्या आजीचे शब्द टिपून ठेवावेत असे आम्ही सुचवतो ते यासाठी.

तर प्रश्न असा : अकस्मात कंपाचा शब्द न संपणाऱ्या कटकटीचा शब्द कसा होतो? आमचा तर्क साधा आहे. दचकवणारी गोष्ट एकदा घडली तर ती भीती असते. तीच रोज घडू लागली तर मन प्रत्येक वेळी तितकेच दचकू शकत नाही. शरीर हादरते, मन कंटाळते. शब्द मनाबरोबर जातो. या प्रक्रियेला भाषेत शतके लागली असतील. किल्लारीत ती सुमारे एका वर्षात घडली.

१९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारी आणि आसपासच्या गावांना धक्के बसू लागले. ऑक्टोबर १९९२ मध्ये त्यांचे प्रमाण वाढले, एक धक्का बराच जोराचा होता. धक्क्यांबरोबर जमिनीतून गडगडल्यासारखा आवाज येई. भरताच्या यादीतला गडगडाट, फक्त आकाशाऐवजी पायांखालून. तेव्हाच्या प्रमाणित भूकंप-नकाशात हा सारा प्रदेश पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता; दख्खनचे पठार स्थिर आहे हा समज शास्त्राचाही होता आणि लोकांचाही. पुढे धक्के विरळ झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, बहुतेक गाव घरात झोपलेले होते.

ही घरे कशी होती हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. दगड मातीत रचून उभारलेल्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती आणि वर लाकडी तुळयांवर मातीचे माळवद. मराठवाड्याच्या उन्हात ही घरे गार राहतात, आणि चोराचिलटापासून जाड भिंतीचा भरवसा वाटतो. पण माळवद पावसाळ्यात गळते. मग या गळतीच्या त्रासावर उपाय म्हणून पावसापूर्वी वर आणखी माती टाकायची, चोपायची. वर्षानुवर्षे थर चढत जात आणि छत जड होत जाई. ज्या उपद्रवाची सर्वांना जाणीव होती, जो दर वर्षी नेमाने येत होता, त्याच्यावर केलेला उपाय त्या पहाटे लोकांच्या अंगावर कोसळला. वेळ होती ३ वाजून ५६ मिनिटांची. भूकंपाची तीव्रता वेगवेगळ्या संस्थांच्या मोजणीनुसार ६.२ ते ६.४, मृतांचे आकडे स्रोतानुसार ८,००० ते १०,००० च्या घरात. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ आणि भोवतालची कित्येक गावे दगडमातीचा ढीग झाली.

येथे घाईने निष्कर्ष काढायचा मोह होतो, की लोकांनी धक्क्यांना ‘त्रास’ समजून दुर्लक्ष केले. आम्हांला तो अन्यायाचा वाटतो. वर्षभर उघड्यावर झोपणे कोणाला परवडते? धाकट्या धक्क्यांमागून मोठा येईलच असे त्या वेळी कोणतेही शास्त्र सांगू शकत नव्हते, आजही सांगू शकत नाही. असे धक्क्यांचे सत्र पुष्कळदा काही न घडताच विरून जाते. नांदेड शहराला २००६-०७ च्या सुमारास असेच आवाजांसह धक्के बसत राहिले. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज येऊ लागले. २०२४ च्या मार्च आणि जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. प्रत्येक वेळी वृत्तपत्रांनी ‘गूढ आवाज’ हा शब्द वापरला आणि प्रत्येक वेळी मराठवाड्यातल्या वयस्क माणसांनी तो किल्लारीच्या संदर्भात वाचला असणार. त्यांच्यापुरता ‘त्रास’ पुन्हा नाट्यशास्त्रातल्या अर्थाने जिवंत झाला असे म्हणायला हरकत नाही. १९९३ नंतर भूकंप-नकाशाची फेररचना झाली आणि २००२ च्या नकाशात हा भाग तिसऱ्या विभागात गेला. कागदावरचा शब्दही तेवढ्यापुरता बदलला.

भूकंपानंतरचा उपद्रव निराळ्या जातीचा होता. ‘पेस्टर’चा सोळाव्या शतकातला, गर्दीने वाट कोंडण्याचा अर्थ आम्ही वर सांगितला. ऑक्टोबर १९९३ मध्ये किल्लारीच्या रस्त्यांवर मदतीची वाहने, मान्यवरांचे ताफे आणि नुसते बघे यांची इतकी कोंडी झाली की ती मदतकार्याला अडथळा ठरते आहे अशी चर्चा त्या वेळी उघडपणे झाली. ज्याचे घर पडले आहे त्याला तीच हकिकत दिवसातून अनेकदा, वेगवेगळ्या अनोळखी माणसांना सांगावी लागणे, हा प्रकार तोवर मराठीत फारसा कोणी लिहिलेला नव्हता. त्याला नाव काय द्यायचे? विचारणारा सहानुभूतीने विचारतो. त्याला ‘त्रास देणारा’ म्हणता येत नाही. मराठीने अशा वेळी कर्ताच काढून टाकला : ‘लोकांना त्रास झाला’. इंग्रजीच्या ‘पेस्टर’ला कर्ता असावाच लागतो, निदान सुचवावा तरी लागतो. आपल्या ‘त्रास होणे’ला तो लागत नाही. व्याकरणातली ही सोय कधी सौजन्याची असते, कधी पळवाटेची.

यापुढचा भाग याद्यांचा आहे, आणि आमच्या मते या विषयाचे खरे मर्म तेथे आहे. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते, प्रवीणसिंह परदेशी लातूरचे जिल्हाधिकारी. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून पुनर्वसनाचा जो कार्यक्रम सुरू झाला त्यात ५२ गावे नव्या जागी वसवायची होती. घराचे आकारमान जमिनीच्या धारणेवर ठरले : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून मोठ्या खातेदारांना ७५०. म्हणजे घराचे माप घरातल्या माणसांनी नव्हे, सातबाऱ्याने ठरवले. एकत्र कुटुंबात तीन भाऊ तीन चुलींवर जेवत असतील पण खाते एकच असेल, तर यादीत ते एक होतात की तीन? असा प्रश्न असलेला माणूस काय करतो? तो कार्यालयात जातो. पुन्हा जातो.

या ‘पुन्हा जातो’साठी मराठीत दोन वेगळे शब्दसंच आहेत. टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिले तर माणूस तगादा लावतो, पिच्छा पुरवतो, भंडावून सोडतो. बाहेरच्या बाजूने पाहिले तर तो हेलपाटे घालतो, खेटे घालतो, उंबरठे झिजवतो. क्रिया एकच आहे. पावले तितकीच, उंबरठा तोच. पहिल्या संचात झीज साहेबांच्या डोक्याची होते, दुसऱ्यात चपलांची. इंग्रजीत दुसरा संच असा सहज हाताशी येत नाही, म्हणून ‘पेस्टर’च्या पाठ्यपुस्तकी वाक्यांत कर्ता नेहमी कमी दर्जाचा निघतो : मूल, फेरीवाला, भिकारी. क्लॉडियसच्या तोंडी हे क्रियापद शोभते याचे कारणही तेच आहे. तो सिंहासनावर बसून बोलतो आहे. हे त्याने कसे मिळवले ते प्रेक्षकाला नंतर कळते.

‘तगादा’ हा अरबी-फारसी ‘तकाजा’. आपल्या जुन्या पत्रव्यवहारात रयतेस ‘तोशीस लागू न देणे’, ‘उपसर्ग न लावणे’ अशी वाक्ये नेमाने येतात. तेथे उपद्रव देणारा सरकारी माणूस असतो आणि सोसणारी रयत. हा कर्ता-कर्माचा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण आधुनिक कार्यालयात तो उलटला. धनकोच्या तगाद्याची शेवटची पायरी म्हणजे धरणे. ऋणकोच्या दाराशी उपाशी बसायचे, आणि धनको उपाशी असेतो ऋणकोनेही जेवायचे नाही, असा दंडक. १८०९ साली शिंद्यांच्या लष्करात असलेल्या ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत या प्रथेचे वर्णन केले आहे. कंपनी सरकारला ती असह्य वाटली. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ५०८ च्या स्पष्टीकरणार्थ दिलेले पहिले उदाहरणच धरणे धरून बसणाऱ्याचे होते. आणि तोच शब्द आज ‘धरणे आंदोलन’ म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयासमोरच्या फलकावर सन्मानाने मिरवतो. सतत त्रास देण्याला शतकभरात गुन्ह्यापासून राजकीय साधनापर्यंत प्रवास करता आला. यात गांधीयुगाचा वाटा मोठा आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

आणखी एका शब्दाची नोंद येथे करायला हवी. ‘भूकंपग्रस्त’. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. ग्रहणाच्या वेळी चंद्र ग्रस्त होतो आणि काही घटकांनी सुटतो. किल्लारीनंतर ‘भूकंपग्रस्त’ हा नोकरभरतीच्या जाहिरातींत समांतर आरक्षणाचा एक रकाना झाला. त्यासाठी प्रमाणपत्र लागते, ते कार्यालयातून मिळते. काही सेकंदांच्या कंपाने गिळलेला माणूस कागदोपत्री अनेक वर्षे, पुढच्या पिढीपर्यंत, ग्रस्त राहतो, आणि तसे राहण्यासाठी त्याला खेटे घालावे लागतात. व्यभिचारी भाव येथे स्थायी झाला, असे एखाद्या अलंकारशास्त्राच्या अध्यापकाने म्हटले तर ते कोटी म्हणून सोडून देऊ नये.

अध्यापक मित्रांसाठी एक स्वाध्याय देतो. ‘घरांच्या यादीबद्दल गावकऱ्यांनी अधिकाऱ्याला पेस्टर केले’ या वाक्याचे मराठी करायला सांगावे. बहुतेक मुले लिहितील : ‘गावकऱ्यांनी यादीसाठी अधिकाऱ्यास भंडावून सोडले.’ हे बरोबर आहे, पूर्ण गुण द्यावेत. मग वर्गात औसा, निलंगा किंवा लोहाऱ्याकडचे कोणी असेल तर त्याला विचारावे, की तुझ्या घरी हे वाक्य कसे म्हणतील. ‘यादीत नाव यावं म्हणून आमच्या आज्यानं लई हेलपाटे घातले.’ यातून अधिकारी गळाला आहे, गावकरी जाऊन आजोबा आले आहेत, आणि क्रियापद बसच्या भाड्याचा हिशेब सांगते आहे.